आपाचे कोरडे डोळे

आपा बोलता बोलता थांबायची, बाटलीतल्या पाण्याचा एक घोट घ्यायची आणि मग वाक्य पुरं करायची. ऐकणाऱ्याला वाटे, आता काहीतरी मोठं येणार. येई ते एवढंच, "...बाही कोपरापर्यंत ठेवू का वर?"

मी नर्स म्हणून धावड्याच्या उपकेंद्रात बदलून आले, तेव्हा ती माझ्या शेजारच्या घरात ब्लाउज शिवायची. वयानं माझ्याहून लहान, पण सारी गल्ली आपा, म्हणजे ताई, म्हणे म्हणून मीही म्हणू लागले. भाकरीचा घास तिच्या घशाखाली पाण्याशिवाय उतरत नसे. सकाळी बोटं आखडलेली असत, त्यामुळे कात्री हातात यायची ती ऊन चांगलं वर आल्यावरच. विचारलं की हसायची.

"मला काय झालंय सिस्टर? आपल्या तालुक्यातच पाणी कमी, मंग माझ्यात कुठून येणार?"

अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. दुखण्याचा विनोद करून मोकळी होणारी. आपणही हसतो आणि आपल्या कामाला लागतो.

तिची सासू वारली तेव्हा गल्लीतल्या सगळ्या बायका जमल्या. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं आपानंच केलं होतं. पण त्या दिवशी ती भिंतीला टेकून नुसती बसून राहिली. डोळे लाल, पण कोरडे. ओढणीनं सारखी चोळत होती.

"पोटच्या लेकीवानी ठेवली म्हातारीनं, अन् हिच्या डोळ्याला थेंब न्हाई," कोणीतरी बोललंच. मग दुसरी बोलली, तिसरी बोलली.

तिचा नवरा भाड्याचा मालवाहू टेम्पो चालवायचा, शांत माणूस. त्यानंही सगळ्यांसमोर विचारलं, "अम्मी के वास्ते दो आँसू बी नै?"

"आतून लई येतंय हो," ती म्हणाली, "बाहेर निघत न्हाई."

कोणाला ते खरं वाटलं नाही. त्यानंतर दोघांचं बोलणं कामापुरतं उरलं. ब्लाउज शिवायला बायका येत राहिल्या, पण पूर्वीसारख्या बसत नसत.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले आणि घर पुन्हा बोलू लागलं. नवरा फेरीहून येताना मोसंबी आणायचा. आंबट रस तिच्या कोरड्या तोंडाला झोंबायचा, तरी ती पूर्ण फळ खायची. "त्यांनी एवढ्या हौसेनं आणली ना," म्हणायची.

सहाव्या महिन्यात ती तपासणीला आली. मी पोटावर यंत्र ठेवलं. बाळाचे ठोके घोडा दौडावा तसे भरभर ऐकू येतात. हे मात्र थांबून थांबून पडत होते. मला वाटलं, आईचेच ठोके लागले. तिची नाडी धरली, तर ती वेगळीच, जलद.

"काय झालं सिस्टर? जल्दी बोला."

"मोठ्या दवाखान्यात दाखवू एकदा," मी म्हणाले.

तिच्या नवऱ्यासोबत मीही गेले. छत्रपती संभाजीनगरच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली आणि भलताच प्रश्न विचारला, "डोळे कोरडे पडतात का तुमचे? तोंड? सांधे दुखतात?"

आपानं माझ्याकडे पाहत तिन्हींना मान हलवली.

रक्त तपासल्यावर उलगडा झाला. तिच्या शरीराची रोगाशी लढणारी ताकद चुकून शरीरावरच उलटली होती. अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथी त्या ताकदीनं सुकवल्या होत्या, बोटांचे सांधे धरले होते. हे सगळं करणारं रक्तातलं द्रव्य वारेतून, नाळेतून बाळापर्यंत गेलं आणि हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे ठोक्याचा इशारा जिथून जातो, ती वाटच खराब करून बसलं.

"आता ती वाट दुरुस्त होत नाही," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"म्हंजे माझ्याच अंगानं...?" आपानं विचारलं. या वेळी मध्ये घोट घेतला नाही, तरी वाक्य अर्धंच राहिलं.

"तुमची काही चूक नाही. तुम्हाला रडता येत नाही हेही त्या आजारामुळेच."

नवरा तिथंच खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडू लागला. "अम्मीच्या वेळेला मी तुला..." आपानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ द्या. तुम्हाला कुठं माहीत होतं? मला तरी कुठं माहीत होतं?"

मुलगी झाली. नाजूक, आईच्या नाकाची. छातीत ठोके देणारं यंत्र बसवायचं, पण त्याआधी तिचं वजन थोडं वाढायला हवं होतं. तेवढी सवड तिला मिळाली नाही.

आजाराचं तोवर गल्लीला कळलं होतं; या वेळी कोणी आपाच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही. मागे बोललेल्यांतली एकजण तर तिचे पाय धरायला वाकली. आपानं तिला उठवून जवळ बसवून घेतलं.

पुढे औषधपाणी जवळ पडावं म्हणून ती दोघं शहरात राहायला गेली. ईदला तिचा फोन आला होता.

"डॉक्टरीणबाई म्हणतात, दुसऱ्या खेपेला आधीपासून गोळ्या चालू ठेवता येतात. पुष्कळदा बराबर होतं. ह्यांची लई इच्छा हाय. माझीच हिंमत होत न्हाई, सिस्टर."

"घाई करू नकोस," एवढंच मी म्हणाले.

नंतर तो नंबर लागेनासा झाला. तिनं हिंमत केली की नाही, मला ठाऊक नाही. उपकेंद्रात येणाऱ्या गल्लीतल्या बायका अजून विचारतात, "आपाची काही खबर?" मी नाही म्हणते. काम झालेलं असतं, तरी त्या दारात थोडा वेळ तशाच उभ्या राहतात.