त्याने ऐकून केलेला अभ्यास

फवारणीच्या औषधाचा उग्र वास आला की मला एम.ए.चा शेवटचा पेपर आठवतो. विषय होता एकोणिसाव्या शतकातलं अमेरिकन साहित्य. पेपर आठ दिवसांवर असताना माझा मित्र मेहकरच्या दवाखान्यात होता. कपाशीवर अळी येणार नाही, असं बियाण्याच्या पाकिटावर छापलं होतं. अळी आली, आणि डोक्याएवढ्या उंच कपाशीत मजुरीने फवारताना औषध त्याच्याच डोळ्यांत गेलं. आमच्यात पुस्तक एकच, म्हणून मी खाटेशी बसून वाचायचो. कापूस वेचणाऱ्या गुलामांना वाचायला बंदी होती, या ओळीवर मी अडकलो. डोळ्यांवर पट्टी असलेला तो खेकसला, "थांबला काऊन बे? ते लोकं बी ऐकूनच शिकले न!" त्याने सगळा धडा तोंडपाठ केला. त्याचा पेपर लिहायला लेखनिक मागायला विद्यापीठात गेलो, तर तिथला बाबू म्हणाला, "अर्जाची मुदत संपली. अन् तो जन्माचा आंधळा थोडीच आहे?" पेपरला त्याचा बाक रिकामा राहिला. प्रश्न त्याच धड्यावर आला. मी त्याचंच वाक्य लिहिलं आणि पास झालो. आज कॉलेजात तो धडा मी शिकवतो. त्या ओळीवर अजूनही अडकतो. 'थांबला काऊन बे' म्हणणारं वर्गात कुणी नसतं.