सुपातल्या अर्ध्या गोळ्या

नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले. ते आता पुसट झाले. बिडीच्या सुपात सापडलेल्या त्या अर्ध्या गोळ्या मात्र डोक्यातून जात नाहीत.

कुंभारीच्या कामगार वसाहतीत एक बिडी वळणारी बाई नशेच्या गोळ्या विकते, अशी खबर आली. खबऱ्या जुना, पण अर्धवट माहितीवर पूर्ण चहा पिणारा. तरी स्टेशन डायरीत नोंद केली आणि दोन पंच, एक महिला हवालदार घेऊन भरदुपारी गेलो. बाई उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन बसलेली. पानांखाली कागदाच्या चार पुड्या, प्रत्येकीत अर्ध्या तोडलेल्या गोळ्या. म्हटलं, सापडली! पंचनामा केला, मुद्देमाल सीलबंद केला आणि बाईला ठाण्यात आणलं.

"कुणाला विकतेस?"

"इकत न्हाय, साहेब."

"मग चार पुड्या कशाला?"

"एक माझ्या मालकाची. तीन शेजारच्या बायांच्या मालकांच्या. त्या माझ्यापाशी ठिवायला देतात."

खोटं बोलणारा माणूस उत्तर लांबवतो, हा माझा अनुभव. ही बाई मोजकंच बोलत होती, तरी मी टेबलावर हात आपटत राहिलो. शेवटी हवालदारबाईंनीच विचारलं, "अगं, पण अर्ध्या का?"

"कारखान्यातनं पान कमी येतंय, कधी कुजकं येतंय. हजार बिड्या तर भरून द्याव्या लागतात की! म्हणून चांगलं पान आलं की थोडं मागं ठिवतो आमी. सेंटरचं बी तसंच हाय. अनुदान आलं न्हाय की गोळी बंद. मग मालक अर्धीच घेतात, अर्धी ठिवतो."

तिचा नवरा यंत्रमागावर कामाला. त्याला नशेच्या इंजेक्शनांची सवय होती. सरकारी अनुदानावर चालणारं एक केंद्र ती सवय सोडवायची गोळी फुकट देई. आठवड्याच्या गोळ्या बायकोच्या हाती. त्या गोळीवर तो वर्षभर नीट कामाला जात होता.

मी स्वतः केंद्रात गेलो. दारावर कागद: 'अनुदान प्राप्त न झाल्याने औषधवाटप बंद.' आतल्या समुपदेशकानं चौघांचे केसपेपर दाखवले. "अर्धी करू नका असं सांगतो, साहेब. पण पुढची कधी येईल, हे कुठं सांगता येतं?"

कप्पाळ माझं! बाईला त्याच दिवशी घरी सोडलं, विक्रीचा पुरावा नाही असा अहवाल पाठवला. पण सील केलेला माल कोर्टाच्या हुकमाशिवाय परत देता येत नाही. वरिष्ठांना विचारलं. उत्तर आलं ते मला आधीच ठाऊक होतं.

सहाव्या दिवशी तिच्या नवऱ्यानं पुन्हा सुई टोचून घेतली. शरीराची सवय मोडलेली, सुईतलं माप मात्र जुनंच. त्याच्या अकस्मात मृत्यूची नोंद माझ्याच ठाण्यात झाली.

त्यानंतर कुणाकडे साठा सापडला की 'कुणाला विकतोस' हे मी नंतर विचारायचो. आधी विचारायचो, 'साठवायची वेळ का आली?' शहाणपण आलं, पण वरातीमागून घोडं. त्याची लाज अजून वाटते.

नवऱ्याचं दिवस-पाणी उरकल्यावर ती ठाण्यात आली. मी उठून उभा राहिलो. शिव्या देईल वाटलं, खायची तयारीही होती.

"साहेब, सेंटर अजून बंदच हाय," ती म्हणाली. "ह्यांची पुडी ऱ्हाऊ द्या. त्या तिघांच्या तर द्या की."

मुद्देमालाची खोली माझ्या पाठीमागेच होती. मी तिला नियम सांगितला.