मोकळी बाटली परत आणणे

शहाजीभाऊंना कोणी कंपाउंडर म्हटलं की माझं डोकंच फिरायचं. अहो, कंपाउंडर म्हणजे डॉक्टरकडे पुड्या बांधणारा. आमचे भाऊ औषध बनवायचे, तेही एका वेळी एकाच माणसाचं. त्यांना स्वतःला मात्र काही वाटायचं नाही. "म्हणू दे गं मंजुषा, त्यानं काय औषध बिघडतंय का?" एवढंच बोलायचे आणि परत तराजूकडे वळायचे.

तुर्भ्याला कारखान्यांच्या गर्दीत आमचा गाळा. पुढे काउंटर, मागे काचेची खोली. अकरा वर्षं झाली मला तिथे. भाऊ मूळचे साताऱ्याकडचे, आधी वीस वर्षं एका मोठ्या औषध कंपनीत होते. तिथे दिवसाला लाखो गोळ्या निघायच्या, पण एकाही गोळीवर कोणाचं नाव नसायचं, म्हणून कंटाळलो, असं सांगायचे. आमच्याकडे नावाशिवाय काही नाही. एका काकूंना गोळीतल्या रंगाची ॲलर्जी, त्यांच्यासाठी बिनरंगाच्या कॅप्सूल. कोणा आजोबांना गोळी गिळता येत नाही, त्यांची गोळी पातळ करून द्यायची. आणि सगळ्यात जास्त लहान मुलं. मोठ्या माणसाच्या गोळीचा पन्नासावा भाग तान्ह्या पोराला हवा असेल तर करणार काय? सुरीनं होतंय होय ते! गोळ्या खलात घोटायच्या, मैद्याहून बारीक करायच्या, सिरपात कालवायच्या, आणि एका मिलीत हवं तेवढंच औषध येईल असं माप बसवायचं.

भाऊंचे दोन नियम होते. पहिला, वजन करायच्या आधी बाटलीवर पेशंटचं नाव स्वतःच्या हातानं लिहायचं. आधी माणूस, मग माप. दुसरा, नवीन बाटली हवी असेल तर मोकळी बाटली परत आणायची. लेबलवर तशी ओळच छापलेली होती. आलेली बाटली ते खिडकीपाशी उजेडात धरून बघायचे. औषध उरलेलं दिसलं की डोस चुकलेत, मग समोरच्याची खरडपट्टी. मला हा नियम फार आवडायचा. आता त्याचं नावही काढवत नाही.

सारसोळ्याची श्रुती नऊ महिन्यांची होती. तिचं काळीज मधेच सैरावैरा धावत सुटायचं. ते आवरणारं औषध डॉक्टरांनी लिहून दिलं आणि तिला आमच्याकडे पाठवलं. आई अस्मिता औषध पाजायची आणि महिन्याची बाटली न्यायला अस्मिताची सासू यायची, सत्यभामाआजी. अंबाड्यात अबोलीचा गजरा, हाताला सुक्या जवळ्याचा वास, आणि पिशवीत फडक्यात गुंडाळलेली मोकळी बाटली. इतकी लख्ख, की आत्ताच खोक्यातून काढलीय असं वाटावं. मी म्हणायचे, "आजी, तुमच्यासारखी स्वच्छ बाटली कोणी आणत नाही हो." आजींना ते ऐकायचंच असायचं. मी मुद्दाम बोलले नाही तर काउंटरपाशी रेंगाळायच्या, बाटली माझ्यापुढे सरकवायच्या. कौतुक झालं की हसून म्हणायच्या, "माज्या नातीच्या नावाची हाय ना!" भाऊ ती बाटली बाकीच्यांना दाखवायचे. बघा, याला म्हणतात काळजी.

ती एवढी स्वच्छ होते कशी, हे आम्ही दोघांनी एकदाही विचारलं नाही.

चार बाटल्या सुरळीत गेल्या. पाचवी सुरू झाली त्याच दिवशी अस्मिता परत नोकरीवर रुजू झाली, कामोठ्याला. ती बाटली संपायला चार दिवस असताना तिचा फोन आला. आवाज रडवेला. श्रुतीला दूध पिताना धाप लागते, डोकं घामानं भिजतं, काळीज पुन्हा धावायला लागलंय. "मंजुषाताई, औषध तेच आहे ना? डॉक्टरपण तेच विचारतायत. शुक्रवारी परत बोलावलंय त्यांनी."

भाऊंचा चेहरा पडला. त्यांनी वजनाची नोंद बघितली, गोळ्यांचं पाकीट बघितलं, तराजू तपासायला बाहेरून माणूस बोलावला. सगळं बरोबर! दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून तपासलं. जेवणाचा डबा न उघडता घरी न्यायला लागले. "चूक आहे, आणि माझ्या हातचीच आहे," हे एकच पालुपद. मी वैतागले. म्हटलं, "भाऊ, पोरीचा आजारच वाढला असेल. सगळं स्वतःवर का ओढून घेता?" बोलले खरी, पण गाळ्यात बसवत मलाही नव्हतं. फोन वाजला की हातातलं काम टाकून मीच धावायचे.

गुरुवारी सकाळी अकराला अस्मिताचा फोन आला. "सकाळचं औषध दिलं, आता संध्याकाळपुरतं उरलंय. आई दुपारी येतील नवीन न्यायला." भाऊ तयारीला लागले. आम्ही प्रत्येक बाटलीतलं चमचाभर औषध नमुना म्हणून छोट्या कुपीत काढून ठेवतो. नवीन औषध ताडून बघायला त्यांनी श्रुतीची कुपी फळीवरून काढली. महिनाभर तिला कोणाचा हात लागला नव्हता. वर नितळ पाणी होतं आणि सगळी पांढरी पूड तळाशी बसली होती.

भाऊ त्या कुपीकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी अस्मितालाच परत फोन लावला, स्पीकरवर. "तू कामाला जायला लागल्यापासून औषध कोण पाजतं?"

"आई पाजतात."

"बाटली हलवून?"

ती म्हणाली, "मी हलवायचे, भाऊ. हातच तसा बसला होता. आईंना एक मिली, दोन वेळा, एवढंच सांगितलं. हलवायचं सांगायला मला सुचलंच नाही. त्यांना लेबल वाचता येत नाही."

खरं सांगते, मला हायसं वाटलं. म्हणजे महिनाभर पोरीच्या पोटात वरचं नुसतं सिरप गेलं, औषध गेलंच नाही. म्हणून काळीज धावलं. आता नवीन बाटली हलवून पाजली की झालं! मी तसं बोलूनही टाकलं. भाऊंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी फोनमध्ये हळूच विचारलं, "आजी बाटली धुतात कशी?"

"धुतात कुठे? औषध संपलं की उकळलेलं पाणी घालतात, चांगली खळखळून विसळतात आणि ते पाणी श्रुतीला पाजतात. तिच्या नावाचं औषध आहे, एक थेंब टाकायचा नाही म्हणतात. दर महिन्याला करतात."

आधीच्या चार महिन्यांत त्या विसळण्यात काही नव्हतं, नुसती काचेला चिकटलेली साय. या बाटलीच्या तळाशी महिन्याभराचं औषध होतं. महिनाभर न हललेली बाटली आजी आज हलवणार होत्या.

भाऊ अंगावरच्या पांढऱ्या कोटासकट रस्त्यावर धावले. मी मागून. रिक्षात अस्मिताचे फोनवर फोन. आजी मोबाइल उचलत नव्हत्या, शेजारच्या बायकाही बाजारात गेल्या होत्या. तुर्भ्याच्या सिग्नलला ट्रकांची रांग लागलेली, रिक्षा हलेना. भाऊ रिक्षावाल्यावर खेकसले, मग त्याचीच माफी मागितली. "संध्याकाळचा डोस आहे, भाऊ. वेळ आहे आपल्याकडे," मी म्हणत राहिले. किती वेळा म्हटलं कोण जाणे.

सारसोळ्याला घरापुढच्या ओट्यावर ऊन पडलं होतं. त्या उन्हात बाटली पालथी घातली होती. वाळायला.

आजी आत श्रुतीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आम्हाला बघून गडबडल्या. "अगो बाय, तुमी कशाला आलात? मीच निंगत होते. पोर लय दमली हो, म्हनून सांजचं आताच पाजलं. वरचं निवळ सरलं होतं, खाली बसलेला गाल तेवरा होता. मंग पानी घालून सगला दिला. मोकली बाटली नेल्याबिगर तुमी नवीन देत नाय ना!"

भाऊंनी पोरीला उचललं. तिचे पाय गार पडले होते आणि ती गाढ झोपली होती. आजी म्हणाल्या, "बगा, कशी निवांत निजली."

हॉस्पिटलमध्ये भाऊंनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. नमुन्याची कुपी दिली, लिहून सही करून दिलं. डॉक्टरांनी दोन दिवस शर्थ केली. महिनाभर धावणारं ते काळीज मंद मंद होत गेलं. शनिवारी सकाळी श्रुती गेली. अस्मिता भिंतीला टेकून उभी होती. रडली नाही. आम्हाला बाजूला घेऊन एवढंच म्हणाली, "आईंना यातलं काही कळू देऊ नका. त्या जगायच्या नाहीत." भाऊंनी मान डोलावली. मला त्या क्षणी सगळ्यांचाच राग आला होता, स्वतःचा सगळ्यात जास्त.

लेबलवरची ती मोकळ्या बाटलीची ओळ भाऊंनी काढून टाकली. आता बाटली देताना ते समोरच्याला काउंटरवरच हलवायला लावतात, पुन्हा लावतात, पुन्हा. लोक हसतात. वजन करताना शेवटचं माप भाऊ आता मला घालायला लावतात. नाव मात्र अजून तेच लिहितात.

तीन आठवड्यांनी सत्यभामाआजी आल्या. अंबाड्यात गजरा नव्हता. पिशवीतून फडकं काढलं, सोडलं आणि बाटली काउंटरवर ठेवली. लेबलवर भाऊंच्या अक्षरात श्रुतीचं नाव, काच लख्ख. "रायली होती," म्हणाल्या. "मोकली परत आनायची आसते ना." काचेच्या खोलीत भाऊ पाठ फिरवून उभे होते. त्यांचे खांदे मला दिसत होते.

मी बाटली उचलून आत ठेवली. आजी गेल्या नाहीत. काउंटरला हात टेकून माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. त्या कशासाठी थांबल्यात ते मला कळलं.

"तुमच्यासारखी स्वच्छ बाटली कोणी आणत नाही, आजी," मी म्हटलं.

"माज्या नातीच्या नावाची हाय ना," आजी म्हणाल्या आणि रिकामं फडकं घडी घालून पिशवीत ठेवलं.