गुडघ्यांसाठी सायडर

माझ्या आईनं वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी दारू घेतली. चोरून नाही, रोज संध्याकाळी, माझ्या घरात, माझ्या देखत. आमच्या गावात हे कुणाला सांगितलं असतं तर त्यानं मलाच वेड्यात काढलं असतं.

आई कोण, ते आधी सांगते. केदारखेड्याच्या बाजूला आमचं गाव. वडील मजुरी करायचे आणि प्यायचे, मिळेल ते प्यायचे. आईनं त्यांना शपथा घातल्या, शिव्या घातल्या, दाराला आतून कडी घालून ओट्यावर झोपायला लावलं. त्यांची सुटली नाही. लिव्हर गेलं आणि पाठोपाठ ते गेले. मग आईनं गावातल्या बायका गोळा करून दारूच्या दुकानाविरुद्ध मतदान घ्यायला लावलं. या मतदानात चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला मतं जास्त पडली की दुकान बंद. आई भर उन्हात दारोदार हिंडली आणि बाटली आडवी करूनच थांबली. आम्ही बौद्ध. रोज सकाळी वंदना घेताना नशा न करण्याचं पाचवं शील आलं की तिचा आवाज चढतो, शेजारच्यांना भिंतीपलीकडं ऐकू जातो.

आता ती परतूरला माझ्याकडं असते. मी शाळेत शिकवते, आमचे हे रेल्वेत आहेत, नांदेडला असतात आणि सवडीनं येतात. मध्यंतरी आमच्या गल्लीत सायडरचं खूळ आलं. सायडर म्हणजे मेडिकलमध्ये मिळणारा सफरचंदाचा शिरका, व्हिनेगर. कुणी वजनासाठी घेई, कुणी शुगरसाठी. समोरच्या काकूंनी आईला सांगितलं की गुडघ्यांवर रामबाण आहे. मी बाटली आणली, दोन चमचे पाण्यात घालून दिले. आईनं घोट घेतला आणि असं तोंड केलं की मला हसू आवरेना. "हे प्यायापरीस गुडघे दुखू दे," म्हणाली आणि पेला सरकवून दिला.

त्याच दिवसांत लेकीची एक मैत्रीण घरी आली. लेक आधी अमेरिकेत होती, आता इंग्लंडमध्ये नोकरी करते. मैत्रीण सुट्टीला इकडं आली होती, तिच्या हाती लेकीनं कपडे आणि चॉकलेट पाठवलं होतं. ते देऊन झाल्यावर पोरीनं बॅगेतून आणखी एक खोकं काढलं. "काकू, हे माझ्याकडून. सफरचंदाचं सायडर. आमच्या तिकडची खासियत आहे." आत सहा बाटल्या होत्या, बाहेर लालबुंद सफरचंदं छापलेली. मी म्हटलं, पोरगी गुणाची आहे, म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यांची काळजी केली.

आता मला कुणी अडाणी म्हणू नये. मी बाटली नीट वाचली. मेडिकलच्या बाटलीवर आंबटपणा पाच टक्के असं लिहिलेलं होतं, हिच्यावर साडेचार टक्के आणि पुढं 'व्हॉल' एवढंच होतं. म्हणजे हे जरा सौम्य, असं मी धरलं. उघडताना फस्स झालं, तर म्हटलं शिरका आंबवूनच करतात, होणारच. शिवाय लेकीनं अमेरिकेतून एकदा व्हिडिओ दाखवला होता. सफरचंदाच्या बागेत बारकी बारकी लेकरं कागदी पेल्यातून काहीतरी पीत होती, आणि लेक म्हणाली होती, "आई, हे इथलं सायडर." लेकरं पितात त्याला काय घाबरायचं?

आईला अर्धा पेला दिला. तिनं नाक मुरडतच तोंडाला लावला, मग थांबली, पेल्याकडं पाहिलं आणि उरलेलं एका दमात संपवलं. "हे बराबर हाय," म्हणाली. "आधीचं काय गाढवाला पाजायचं होतं का?"

त्यानंतर आमच्या घरात नवलच सुरू झालं. आई संध्याकाळी बोलायला लागली. एरवी चार शब्दांत दिवस काढणारी बाई, पण पेला झाला की माहेरच्या गोष्टी निघायच्या. तिच्या काकानं रेडा कसा पळवला ते सांगताना स्वतःच हसून लोळायची. एकदा चक्क गाणं म्हटलं. जन्मात मी तिचं गाणं ऐकलं नव्हतं. झोप छान लागायची, गुडघ्यांचं नाव काढेना. दिवेलागण झाली की स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची. "माझं औषध राह्यलं का?" मी समोरच्या काकूंना मोठ्या तोऱ्यात सांगितलं की आमचं सायडर परदेशी आहे, त्याला गुण आहे.

मग एका रविवारी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. आई माझ्या शेजारी पेला घेऊन बसली होती.

"आजी काय पितेय?" लेकीनं विचारलं.

"सायडर. तुझ्या मैत्रिणीनं दिलेलं. गुडघ्यांसाठी."

लेकीचा चेहराच बदलला. "आई, बाटली दाखव." मी बाटली कॅमेऱ्यासमोर धरली. मग हळू म्हणाली, "आई, ती दारू आहे."

"काहीबाही बोलू नको. तूच तर लेकरं पिताना दाखवली होतीस."

"ती अमेरिकेत. तिथं सायडर म्हणजे नुसता रस. इथं इंग्लंडमध्ये ती दारूच असते, दुकानात बिअरच्या शेजारी ठेवतात. फ्रान्समध्ये पण दारू, स्पेनमध्ये पण दारू. स्पेनमध्ये तर हात डोक्यावर नेऊन वरून पेल्यात धार धरतात. ते साडेचार टक्के दारूचे आहेत, आई."

पहिल्यांदा भीती वाटली आणि लगेच संताप आला. एवढं शिकलेलं जग, आणि एका फळाच्या पाण्याला धड एक अर्थ देता येईना? परतूरला औषध, अमेरिकेत सरबत, इंग्लंडात दारू. माणसानं विश्वास ठेवायचा कशावर? मी लेकीवर ओरडले, तिच्या मैत्रिणीवर ओरडले, आणि मग एकदम ध्यानात आलं की फोन स्पीकरवर आहे.

आईनं सगळं ऐकलं होतं. तिनं पेला खाली ठेवला. मला वाटलं आता घर डोक्यावर घेईल. पण ती उठून आत गेली. मी राहिलेली बाटली मोरीत रिकामी केली, चारदा हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई वंदनेला बसली. चार शीलं म्हटली आणि पाचव्याला गप्प झाली. मला घोर लागला. कारण पुढच्याच आठवड्यात गावात तिचा सत्कार होता. दुकान बंद पाडलं म्हणून बचत गटाच्या बायका शाल देणार होत्या, आईनं चार शब्द बोलायचे होते. ही गोष्ट बाहेर पडली असती तर जन्मभराची इज्जत धुळीला मिळाली असती. पिणारे तर टपलेलेच असतात.

मी तिला समजावलं. "आई, नकळत झालं. नकळत झालेल्याचा दोष नसतो, भन्तेजीसुद्धा हेच सांगतील. कुणापुढं बोलायचं नाही. तुला न् मला ठाऊक, विषय संपला."

"नकळत झालं ते झालं," आई म्हणाली. "पण कळल्यावर बी काल रातच्याला मन तिकडंच गेलं. आज बी जाईल. ते कुठं नकळत हाय?"

ही माझी आई होती, आणि ती मला सांगत होती की तिला दारूची आठवण येतेय.

सत्काराच्या दिवशी मी तिला गाडीत दोनदा बजावलं. विहारासमोर मंडप होता, बायकांनी जागा भरून गेली होती, मागं काही बाप्ये उभे होते. शाल झाली, टाळ्या झाल्या. आईच्या हातात माइक दिला. दुकानाची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ होती, तीच ऐकायला सगळे बसले होते.

"मी दारू पेले," आई म्हणाली.

मला वाटलं जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.

"औषध म्हणून पेले. गोड होती. थोडेच दिस पेले, पण आता दिवे लागले की जीव तिकडं वढ घेतो. दुकान बंद केलं ते बराबरच केलं, उद्या बी करीन." माइक तिच्या तोंडाजवळून खाली गेला होता, कुणीतरी तो पुन्हा वर धरला. "माझा मालक जल्मभर पेला. मी त्याला शिव्या दिल्या, बाहेर ओट्यावर निजवलं, समद्या गावात त्याची फजिती केली. पर एकदा बी जवळ बसून इचारलं न्हाई, की सोडायला गेलास म्हंजी तुला होतंय काय?"