नऊ पानांची भाऊबंदकी

शिलाई मशीन दुरुस्तीच्या त्या दुकानात सगळे तिला कॉम्प्युटरताई म्हणायचे. मालक तिचे सख्खे मामा. कारखान्यात बारा वर्षं खोकी बांधल्यावर अडतिसाव्या वर्षी ती वेबसाइटचं काम शिकली आणि इथे, तेलाच्या वासात टेबल मांडून बसली. पण सहा महिन्यांपासून इंटरनेटवर शोधलं की दुकानाचं नाव मागे पडत चाललं होतं, फोन रोडावले होते. मामांनी महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली. तोवर नाव वर आणणं नाही जमलं तर वेबसाइटचं काम बाहेरच्या कंपनीकडे आणि ती काउंटरवर, सुया विकायला.

मामांची एक खोड होती. धागा तुटतो म्हणून कुणी मशीन आणलं, की ते स्क्रू ड्रायव्हर हातात धरूनच तिला नवा मजकूर सांगायचे. जुनं पान शिळं झालं, असं त्यांचं ठाम मत. तीही मुकाट्याने वेबसाइटवर नवं पान चढवायची.

आता तिने एक वही सुरू केली. रोज सकाळी 'मशीनचा धागा तुटतो' असं शोधायचं आणि आपलं कुठलं पान कितव्या नंबरावर दिसतं ते टिपायचं. सोमवारी मार्चमधलं पान, अठरावं. बुधवारी जूनमधलं, बाविसावं. शुक्रवारी भलतंच तिसरं. दहा दिवसांनी वही चाळताना तिच्या डोक्यात प्रकाश पडला. समोरचा दुकानदार आपली गिऱ्हाइकं पळवतो म्हणून आपण त्याला उगाच बोल लावत होतो. एकाच प्रश्नाला नऊ उत्तरं देऊन आपलीच पानं एकमेकांचे पाय ओढतायत.

मामांना पटेना. एकापेक्षा नऊ बरी, असं त्यांचं साधं गणित.

"मामा, दुकानाला नऊ दारं आहेत आणि प्रत्येक दारात तुम्हीच उभे राहून 'इकडून या' म्हणताय. माणूस शिरणार कुठून?"

"म्हणजे आठ बुजवायची? माझे शब्द आहेत त्यात."

"शब्द ठेवते. दार एकच."

नऊ पानांतलं कामाचं तेवढं वेचून तिने एक लांब पान केलं. उरलेल्या आठ पत्त्यांवर येणारा माणूस आपोआप तिथेच पोचेल अशी सोय केली. मग नुसती वाट बघणं, तेच जड गेलं.

मुदतीला चार दिवस असताना ते पान सहाव्या नंबरावर आलं. दुसऱ्या दिवशीही सहाव्याच. तिसऱ्या दिवशी पाचव्या. तिने वही मामांपुढे ठेवली. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी आकड्यांवरून दोनदा बोट फिरवलं आणि कंपनीला फोन लावला. "नको आता. आमच्या घरातच माणूस आहे."

ती मागच्या खोलीत गेली, नळाखाली तोंड धुतलं आणि बराच वेळ टॉवेल तोंडावरून काढलाच नाही.