सरांनी अर्धाच वाचलेला उतारा

“अगं, हात वर कर की. बघू देत सगळ्यांना.”

रविवारची मिस्सा झाली की आमच्या चर्चच्या हॉलमध्ये बायबलचा वर्ग असतो. शिकवणारे सर कॉलेजातनं रिटायर झालेले, चर्चच्या कमिटीचेबी मुख्य. मी फौंड्रीत कोअर मारते. ओतकामात आतली पोकळी राहावी म्हणून वाळू ठोकून बसवायची. वाळूत तेल बरोबर पडलंय का, ते मुठीत दाबलं की कळतं. हे मीच सरांना कधीतरी सांगितलेलं. म्हणून त्यांनी मला वर्गात उभं केलं. काळे, भेगाळलेले तळवे.

“बायबलातल्या ज्ञानाच्या पुस्तकांतलं ज्ञान ते हेच. डोक्यात नव्हे, हातात!”

टाळ्या पडल्या. कुणीतरी फोटोबी काढला. मी येडी, हरखून गेले. वाटलं, आता आपल्या शब्दाला वजन आलं.

त्याच आठवड्यात कमिटीसाठी नाव दिलं. सणाला फरशी पुसायची, भांडी घासायची आम्ही कामगार बायकांनी, आन् ठरवायचं कमिटीवाल्यांनी. तेवढं बदलायचं होतं.

पुढच्या रविवारी सरांनी बायबल उघडलं. कुंभार, लोहार आपापल्या कामात गढलेत, असा उतारा. ह्यांना सभेत बसवत नाहीत, इथवर वाचलं आन् पुस्तक मिटलं.

“वाईट वाटून घेऊ नको. शास्त्रातच आहे. कमिटीला डोकं लागतं.”

हॉल हसला. फादर खाली बघत बसले. माझं नाव खोडलं.

घरी येऊन उतारा पुरता वाचला. डोकं सणकलं. फुडंच लिहिलंय, जगाची घडी हेच लोक टिकवून धरतात. सरांना दिसलं नसंल व्हय? दिसलं की! पण सभेत बसवत न्हाईत हेबी लिहिलंयच, खोटं कशाला बोलू. भट्टीच्या धगीनं लोहाराचं अंग पोळतं, हे लिहिणाऱ्यानं बघितलंय. बघितलं, आन् तरी त्याला बाहेरच ठेवलं. त्या लिहिणाऱ्याशीबी माझं भांडण हाय.

सणाच्या आदल्या दिवशी सर म्हणाले, “चल गं, फरशी पुसून घ्यायची आहे.”

“न्हाई घेणार.”

“अगं, देवाचं काम आहे.”

“मग कमिटीनं घ्यावी की.”

सर लालबुंद झाले. झाले तर झाले. फुडच्या खेपेला परत नाव देणार हाय. खोडलं तर भर हॉलमध्ये विचारणार, कुणी खोडलं, समोर या. मला कौतुक नको. कमिटीत खुर्ची पाहिजे.