धुक्यात मागे गेलेले साळवे मामा

धुकं दिसलं की साळवे मामा आधी खिडकीची काच सरकवायचे आणि बसमधल्या सगळ्यांना गप्प बसवायचे. थंडीनं लोक कुरकुरायचे. "डोळे बंद झाले, मंग कान तरी उघडे ठेवू द्या की," मामा म्हणायचे. मंठा-जालना फेरीला ते ड्रायव्हर आणि मी कंडक्टर. वयानं माझ्या वडिलांएवढे, तरी मला ताई म्हणायचे.

धुकं फारच दाटलं तर ते बस सरळ पेट्रोल पंपावर नेऊन उभी करत. एकदा एक वकील भडकले. "मामा, माझी तारीख आहे आज. जल्दी काढा गाडी!"

"बिलकुल न्हाई. तारीख पुढची मिळंल, साहेब," म्हणत मामांनी आपला डबा त्यांच्यापुढं धरला. वकील फुगलेलेच होते, पण धपाटे खाल्ले.

डेपोत याची थट्टा व्हायची. मीही एकदा विचारलं, "मामा, एवढं भिता कशाला?"

"भेतो तर! धुक्यात पहिली टक्कर एकच असती, ताई. मागून येणाऱ्या गाड्या घात करतात. पुढं काय होऊन राह्यलंय, त्यांना काय माहीत?"

त्या सकाळी मंठ्यात स्वच्छ ऊन होतं. वाटूर फाटा सोडला आणि नदीकाठच्या सखल भागात एकदम काहीच दिसेना. मामांनी वेग कमी केला, तेवढ्यात पुढं मोठा आवाज झाला. ट्रक उसाच्या ट्रॉलीवर आदळला होता. मामांनी बस अगदी कडेला घेतली.

"ताई, सगळ्यांना उतरवा. रस्त्यावर कुणी थांबायचं न्हाई. कठड्याच्या पलीकडं, शेतात!"

लोक पिशव्या शोधू लागले. "सामान राहू द्या!" मामा ओरडले. त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. शेवटच्या म्हातारीला कठड्यापलीकडं उतरवून मी वळले, तर मामा कुणाची तरी लाल शाल आणि बॅटरी घेऊन मागं निघाले होते.

"मामा, तुम्ही पण या इकडं!"

"मागच्याला कोण सांगंल?"

मग ते दिसेनासे झाले. नुसता आवाज येत राहिला, "थांबा! थांबा!" करकचून ब्रेक लागले. एक गाडी थांबली, मग दुसरी, मग एक टँकर. दर वेळी मामांचा आवाज आणखी लांबून यायचा. नंतर एक गाडी आली, तिचे ब्रेक वाजलेच नाहीत. त्यानंतर मामांचा आवाज आला नाही.

आमच्या बसला ओरखडासुद्धा उठला नव्हता.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. मामींनी मला जवळ बसवून घेतलं. "बसमधले सगळे बरे हायेत ना?"

"हो मामी, सगळे."

"मंग ते मागं कशाला गेल्ते?"

मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ज्यांना त्यांनी थांबवलं, त्यातलं कुणी आलंय का गं? मला एकदा बघायचंय त्यांच्याकडं."

मी अंगणातल्या गर्दीकडं पाहिलं. आलंही असेल कुणी. धुक्यात मी त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा पाहिला नव्हता.